मोरीखाली अडलेली चढण

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटे साडेपाचला फोन वाजला. पलीकडे भोई आळीतले काका. "ताई, मासं चढाया लागलंत. लगीच या, दुपारपतुर काय ऱ्हात न्हाई." रेनकोट घातला, वही प्लास्टिकच्या पिशवीत टाकली आणि निघाले.

मुळशी तालुक्यातल्या त्या ओढ्यावर आम्ही तीन वर्षं काम करत होतो. राडारोडा उपसला, सांडपाण्याचे दोन पाट पात्रात यायचे थांबवले, काठावर करंज, उंबर, वाळुंज लावले. सपाट करून टाकलेल्या पात्रात दगडगोटे परत आणून पुन्हा खळाळ आणि डोह तयार केले. पाणी सुधारलं होतं, कारण किडे परतले होते. खळाळातला दगड उलटा केला की त्याच्या पोटाला मेफ्लायची पिल्लं चिकटलेली दिसत. मागे तीन बारीक शेपट्या, पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले, आणि ते सारखे थरथरत असत. वाळूचे कण एकाला एक चिकटवून स्वतःभोवती नळी बांधणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्याही होत्या. गटाराच्या पाण्यात ही मंडळी सहसा टिकत नाहीत.

मासे मात्र येत नव्हते. जाळीत यायचे ते फक्त गप्पी, डासांसाठी कुणीतरी सोडलेले. मळ्या नाही, वाम नाही. खालच्या नदीत हे मासे अजून होते, काका तिथे रोज पकडत होते. मी दर अहवालात तेच लिहायचे: अधिवास अजून पुरेसा नाही, आणखी दगड टाका, आणखी सावली हवी.

त्या सकाळी आमच्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला, रस्त्याच्या मोरीपाशी, अर्धं गाव गोळा झालं होतं. कुणाच्या हातात टोपली, कुणाच्या हातात जुनी मच्छरदाणी. रस्ता रुंद करताना इथे सिमेंटचे पाइप टाकले होते. पावसाळ्यांनी त्यांच्या तोंडाखालची माती खरवडून नेली होती आणि आता पाणी माझ्या कमरेइतक्या उंचीवरून खाली पडत होतं. त्या धारेखालचा डोह जिवंत झाला होता. मासे उसळत होते, पाइपाच्या कडेला आपटत होते, परत पडत होते. मळ्या धारेशेजारच्या ओल्या काँक्रीटला पोटाने चिकटून वर सरकत होते. या माशाच्या तोंडाखाली एक चकती असते, तिच्या आधाराने तो वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहतो. पाइप बाहेर आलेला होता, त्याच्या ओठाखाली पोकळी होती. तिथवर येऊन प्रत्येक मळ्या सुटून खाली पडायचा. मी मोजायला लागले आणि शंभरावर सोडून दिलं.

काकांनी एक मळ्या माझ्या तळहातावर ठेवला. गाबोळीने पोट टच्च फुगलेलं. "ह्ये वर जाऊन अंडी टाकत्यात. पाइप घातल्यापून हितंच मरत्यात."

हे मी वाचलेलं होतं, शिकवलेलंही होतं. कुठल्याही ठिकाणी कोणते जीव एकत्र नांदतील हे तीन चाळण्यांवर ठरतं. तिथवर पोचता आलं पाहिजे, तिथलं पाणी, तळ, तापमान मानवलं पाहिजे आणि आधीपासून असलेल्यांशी जमलं पाहिजे. एकेका जागेचा समूह सुटा नसतो, येण्या-जाण्याने तो इतर समूहांशी बांधलेला असतो. 2004 साली परिसरशास्त्रज्ञ लायबोल्ड आणि सहकाऱ्यांनी 'मेटाकम्युनिटी' ही मांडणी नीट बांधून दिली, ती हीच. नदीत तर हे आणखी कडक. नदी झाडासारखी फाटे फुटलेली, आणि माशाला एका फांदीवरून दुसरीवर जायचं तर पाण्यातूनच, खोडाशी उतरून. मेफ्लायला मोठेपणी पंख फुटतात, अळ्या वरून वाहत येतात, म्हणून किडे आमच्याकडे पोचले. माशांना एकच वाट होती आणि ती मोरीतून जात होती. आम्ही तीन वर्षं दुसऱ्या चाळणीवर खपलो आणि पहिली बघितलीच नाही.

नद्यांच्या अभ्यासक मार्गारेट पामर आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये ओढे-नद्यांच्या पुनरुज्जीवनाची 78 कामं तपासली. पात्रातली विविधता बहुतेक ठिकाणी वाढली होती, पण किड्या-अळ्यांसारख्या अपृष्ठवंशी जीवांची विविधता ठळकपणे वाढली फक्त दोन ठिकाणी. घर बांधलं की राहणारे येतील, हा विश्वास आपल्या कामात फार खोलवर आहे. माझ्यात होता. आणि आपल्या भाषेत 'चढणीचे मासे' हा शब्द केव्हापासूनचा! कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली तेव्हा नावं इथल्या लोकांचीच उचलली, मळ्याचं शास्त्रीय नाव आजही 'गारा मुल्या' आहे. ज्यांनी नाव दिलं त्यांना मी तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं, मासे येतात कुठून आणि कधी.

पाइप काढून तिथे पूल बांधायला पैसे मिळाले नाहीत. मग पाइपाच्या तोंडापासून डोहापर्यंत दगडांचा लांब, खडबडीत उतार रचायचं ठरलं. पाइपाच्या आतही तळाला दगड बसवायचे, म्हणजे पोहता पोहता टेकायला जागा मिळेल. मला धास्ती होती ती चिलापीची, म्हणजे बाहेरून आणलेल्या तिलापिया माशाची. खालच्या नदीत ती मोप आहे, आणि वाट उघडली की ती कुणासाठी उघडेल हे आपल्या हातात नसतं. काही ठिकाणी असा अडसर वरच्या जीवांचं रक्षणही करतो, हे मी बैठकीत स्वतःहून सांगितलं. उतार मुद्दाम उथळ आणि जोरकस धारेचा ठेवला. मळ्याला चिकटून चढता येईल, संथ पाण्यातल्या चिलापीला जड जाईल, असा हिशोब. हा अंदाजच होता, आणि तसंच मी अहवालात लिहिलं.

पुढच्या जूनमध्ये फोन आला तेव्हा मी आधीच मोरीपाशी बसले होते. काकांनी आळीत सांगून ठेवलं होतं, पहिले तीन दिवस उतारावर कुणी टोपली लावायची नाही. लोकांनी ते पाळलं.

दिवाळीनंतर वरच्या डोहात जाळी टाकली. दोन मळ्या, बोटाएवढे, म्हणजे त्याच पावसातले. चिलापी एक. तिचीही नोंद केली.