कार्यवाहांची लांबट वही

दरवर्षी २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीच्या दिवशी, आमच्या मंडळाचे कविसंमेलन भरत असे. मराठी भाषा गौरव दिनाचे शाळा-कचेऱ्यांतले कार्यक्रम दुपारपर्यंत आटोपलेले असत, त्यामुळे संध्याकाळ कवितेच्या वाट्याला मोकळी येई. निमंत्रित कवींत शिक्षक असत, बँकेतले कर्मचारी असत, एखादा शेतकरी, एखादी परिचारिका. आणि समोर श्रोते म्हणून बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या तरी खिशात स्वतःची कविता असे. श्रोत्यांपेक्षा कवी जास्त, हा विनोद मराठी कविसंमेलनांच्या पाचवीलाच पुजलेला आहे आणि आमचे संमेलन त्याला अपवाद नव्हते. तरीही स्वतःची कविता खिशात ठेवून दुसऱ्याची कविता मनापासून ऐकणारी माणसे मी तिथेच पाहिली, आणि त्याचे श्रेय बरेचसे मंडळाच्या कार्यवाहांना जाते.

हे कार्यवाह म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक. ते स्वतः कविता लिहीत नसत, निदान कोणाला दाखवीत नसत. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय मनोगत या गोष्टी सगळीकडे होतात तशाच आमच्याकडेही होत, आणि मनोगत सगळीकडे लांबते तितकेच लांबे. त्यांत त्यांना फारसा रस नव्हता. त्यांचा जीव होता तो वाचनाच्या क्रमात. प्रत्येक कवीकडून दोन कविता ते आधीच मागवून घेत, मोठ्याने वाचून पाहत आणि एका लांबट वहीत कवीच्या नावापुढे वृत्त, विषय व वाचनाला लागणारी मिनिटे लिहून ठेवत. हास्यकवितेनंतर लगेच गझल ठेवायची नाही, कारण हसून सैल झालेले सभागृह मतला, म्हणजे गझलेच्या पहिल्या दोन ओळी, संपेपर्यंत सावरत नाही. दोहोंच्या मध्ये ओळखीच्या लयीची एखादी कविता हवी. मुक्तछंदातली दीर्घ कविता लोक ताजे असताना, म्हणजे मध्यंतरानंतर लगेच घ्यायची. आईवरच्या कविता लागोपाठ दोनच, कारण तिसऱ्या आईच्या वेळी माणसे घड्याळ पाहू लागतात. शेवटी कोणी वाचायचे यावरून मात्र दरवर्षी रुसवेफुगवे होत आणि तिथे वहीचा काही उपयोग नसे. ज्येष्ठतेपुढे वृत्ताचे काय चालणार!

विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी मिळून गावोगाव केलेली काव्यवाचने कार्यवाहांनी तरुणपणी ऐकली होती. तीन वेगळ्या प्रकृतीचे कवी आलटूनपालटून वाचतात तेव्हा ऐकणाऱ्याचा कान थकत नाही, ही गोष्ट त्यांनी तिथूनच उचलली होती. तिकीट काढून कविता ऐकायला येणारा श्रोता त्या तिघांनी घडवला, असे ते नेहमी म्हणत, आणि मला ते पटते.

गाऊन म्हणायची की वाचायची, हा वाद आमच्याकडे कधी मिटला नाही. तो आमच्या मंडळापेक्षा कितीतरी जुना आहे. पुण्यात १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातल्या कवींनी, विशेषतः यशवंत आणि गिरीश यांनी, काव्यगायन लोकप्रिय केले; पुढे मर्ढेकरांपासून सुरू झालेल्या नवकवितेने त्या गायनाकडे पाठ फिरवली आणि नारायण सुर्व्यांसारख्या कवींनी बोलण्याच्या लयीतली कविता कामगारांच्या सभांपर्यंत नेली. आमच्या व्यासपीठावर या दोन्ही परंपरांचे वारस शेजारी-शेजारी बसत आणि एकमेकांना अतिशय आदराने नावे ठेवत. माझे मत विचाराल तर चाल लावलेली कमकुवत कविता सभागृहात सहज तरून जाते आणि घरी जाताना तिच्यातली एकही ओळ आठवत नाही.

गझलेची गोष्ट वेगळी. सुरेश भटांनी नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली आणि तिचा हात धरून गझलेकडे वळलेले कितीतरी कवी पुढे गावोगावच्या मुशायऱ्यांत दिसू लागले. आमच्याकडेही त्यांतले काही येत. दोन ओळींच्या शेरातला पहिला मिसरा, म्हणजे पहिली ओळ, दोनदा म्हणण्याची पद्धत मला आधी उगाच लांबण वाटे. मग लक्षात आले, की दुसऱ्यांदा ती ओळ ऐकताना श्रोता मनाशी पुढची ओळ रचू लागतो, आणि कवीची ओळ त्याच्या ओळीपेक्षा सरस निघाली की दाद आपोआप उसळते. दोन शेर झाल्यावर रदीफ, म्हणजे शेराच्या शेवटी परत परत येणारे शब्द, तर सभागृहच म्हणू लागे. छापील पानावर ही गंमत नाही.

नवोदितांना कार्यवाह मुद्दाम तिसरे-चौथे स्थान देत. पहिल्या क्रमांकाला सभागृह स्थिरावलेले नसते. एका वर्षी महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी उभी राहिली. हात इतके थरथरत होते, की कागद ध्वनिक्षेपकाला घासून खरखर ऐकू येत होती आणि पहिल्या चार ओळी त्या खरखरीतच गेल्या. कार्यवाहांनी उठून तिच्या हातातला कागद शांतपणे पुढच्या मेजावर पसरला, त्याच्या कडेवर पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाले, “बाळ, आता पहिल्यापासून वाच.” तिने वाचले. कविता ठीकच होती. शेतावरून परतणाऱ्या बायकांच्या बोलण्याची होती आणि तिच्यात दोन ओळी खरोखर चांगल्या होत्या. त्या दोन ओळींवर समोरून “पुन्हा” असा आवाज आला तेव्हा तिला आधी कळलेच नाही, की आपल्याला थांबवताहेत की मागताहेत.

ते “पुन्हा” बहुधा दुसऱ्या रांगेत बसणाऱ्या एका आजींचे असे. त्यांनी आयुष्यात एक ओळ लिहिली नव्हती. त्यांनी एकदा एका ज्येष्ठ कवींना काही वर्षांपूर्वी वाचलेली कविता पुन्हा वाचायला सांगितली. कवींना ती आठवेना, संग्रहातही ती घेतलेली नव्हती. आजींनी बसल्या जागेवरून तिचे पहिले कडवे म्हणून दाखवले आणि कवींनी ते आपल्याच डायरीत लिहून घेतले.

आता कार्यवाह बदलले आहेत. कवी मोबाइलवरून वाचतात, त्यामुळे कागदाची खरखर गेली. तिच्या जागी ऐन ओळीत काळा पडणारा पडदा आणि कवीचे अंगठ्याने तो पुन्हा जागा करणे आले आहे. वाचन चालू असताना चित्रीकरण करू द्यावे की नाही यावर गेल्या बैठकीत बरीच खडाजंगी झाली. चित्रफितीमुळे कविता दूरवर पोहोचते हे खरे, पण मोबाइल धरलेल्या हातांनी टाळी वाजत नाही, असे जुन्या सभासदांचे म्हणणे पडले. निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. लांबट वही मात्र नव्या कार्यवाहांनी मागून घेतली आहे, आणि आईवरच्या कवितांची मर्यादा त्यांनी दोनवरून एकावर आणली आहे.