तो झोपलेला नव्हता

डायरीत सोमवारच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे : "पोरगा सुटला. बुधवारी भेटायचं." पाच महिने आत असलेला एक पोरगा घरी आलाय, असा निरोप आमच्या पीअरदादाने, म्हणजे या पोरांच्यातूनच आलेल्या आमच्या कार्यकर्त्याने, रविवारी रात्री दिला होता. सोमवारी मला महिन्याचा रिपोर्ट पाठवायचा होता आणि मंगळवारी स्टॉक मोजायचा होता, म्हणून बुधवार.

नागपुरात सुईने नशा करणाऱ्यांसाठी चालणाऱ्या एका प्रकल्पात मी नर्स आहे. यंदा नऊ वर्षं झाली. तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर आल्यावरचे पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे असतात, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते. आत असताना शरीराची सवय मोडते, मनाची मोडत नाही. बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापाने सुई भरतो. जे माप पूर्वी नुसती टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास, घालवायला लागायचं, तेच आता श्वास थांबवतं. एवढं माहीत असून मी बुधवार लिहिला होता.

बुधवारी सकाळी पावणेअकराला चहावाल्या मावशींचा फोन आला.

"म्याडम, लौकर या. थो पोट्टा बराबर घोरून नाई राहिला."

आजूबाजूचे सगळे म्हणत होते, झोपलाय, झोपू द्या. मावशींनी मात्र हाक मारली, खांदा हलवला, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने चोळून पाहिलं आणि मग फोन केला. फोनवरूनच मी त्यांना १०८ लावायला सांगितलं.

या मावशींबद्दल लिहायलाच हवं. चार वर्षांपूर्वी याच बाईंनी मला टपरीसमोरून हाकलून दिलं होतं. "तुमीच सुया वाटता अन् आमचे पोट्टे बिघडवता," असं भर रस्त्यात म्हणाल्या होत्या. मी त्यांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी कसे पसरतात ते सांगितलं. एकच सुई चौघांत फिरू नये म्हणून आपण नवी देतो, असंही सांगितलं. त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. त्यांचा प्रश्नच वेगळा होता. टपरीच्या मागे वापरलेल्या सुया पडलेल्या असायच्या आणि त्यांची नात तिथेच अनवाणी खेळायची. मग पीअरदादा आणि मी आठवड्यातून तीनदा चिमटा आणि सुयांचा पांढरा डबा घेऊन तिथे जाऊ लागलो आणि एक-एक सुई वेचू लागलो. कोणाला काही समजावत बसलो नाही. दोन महिन्यांनी मावशींनी न मागता चहा दिला, पैसे घेतले नाहीत, आणि विचारलं, "हे पोट्टे मरतेत कशानं?"

त्या दिवशी मी त्यांना तीन खुणा सांगितल्या. घशातून घुर्रघुर्र आवाज येतो, हलवलं तरी माणूस उठत नाही, ओठ आणि नखं निळीकाळी पडतात. यातलं काही दिसलं तर थांबायचं नाही. मिठाच्या पाण्याची सुई द्यायची नाही, तोंडात लिंबू पिळायचं नाही.

कॉटन मार्केटजवळ भाजीच्या गाड्यांत माझी स्कूटी अडकली. पोचायला अकरा मिनिटं लागली. पोरगा नाग नदीच्या काठच्या भिंतीला टेकलेला होता, मान छातीवर पडलेली. कुणीतरी तोंडावर पाणी मारलं होतं, त्याने शर्ट भिजला होता. पीअरदादा माझ्या आधी पोचून त्याला आडवा करत होता. ओठ जांभळासारखे झाले होते. पापणी उचलली तर बुबुळातली बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी. श्वास मोजला : एक, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक.

पिशवीतला मास्क काढून मी तोंडावर बसवला, हनुवटी वर केली. दर पाच सेकंदांनी एक श्वास. पीअरदादा मोठ्याने आकडे मोजत होता. प्रत्येक फुंकरीला भिजलेल्या शर्टाखाली छाती वर येत होती, एवढंच मला दिसत होतं. मग मास्क दादाच्या हाती दिला आणि नॅलॉक्सोनचा, म्हणजे नशा उतरवून श्वास परत आणणाऱ्या औषधाचा, अँप्यूल फोडला. ०.४ मिलिग्रॅम, १ मिली. नस शोधण्यात वेळ घालवायचा नव्हता, त्यांच्या नसा आधीच गेलेल्या असतात. पँटवरूनच मांडीच्या स्नायूत दिलं.

ऑटोवाल्या काकांनी ऑटो आडवा लावून गल्ली मोकळी ठेवली होती. बीटचा हवालदार गर्दीला मागे सारत होता. हेच हवालदार पूर्वी आले की पोरं जोडीदाराला तिथेच टाकून पळायची. अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ मध्ये नुसतं सेवन केलं तरी शिक्षा आहे, तेव्हा पळणारच. ठाण्यात आमच्या तीन बैठका झाल्या. त्याच कायद्यातलं कलम ६४अ आम्ही तिथे वाचून दाखवलं. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला आला आणि उपचार पूर्ण केले, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याचं कलम २२ पण दाखवलं. एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सुया देणं हा गुन्हा धरता येत नाही, असं ते सांगतं. तिसऱ्या बैठकीत या हवालदारांनी एकच विचारलं होतं, "म्हणजे माणूस पडलेला दिसला तर आधी तुम्हाला फोन करायचा ना?" हो. एवढंच.

तीन मिनिटं झाली. श्वास थोडे वाढले, पण डोळे उघडेनात. मावशींनी भिंतीजवळून एक रिकामी पट्टी उचलून दाखवली. झोपेच्या गोळ्या. नॅलॉक्सोन फक्त अफूच्या जातीच्या नशेवर चालतं. ब्राउन शुगर असो, ट्रॅमाडॉलसारखी दुखण्यावरची गोळी असो, त्यावर चालतं. झोपेच्या गोळ्यांवर किंवा दारूवर नाही. आता नागपुरात पोरांच्या हाती एमडी (मेफेड्रोन) दिसते, तिच्यावरही नाही. मी दुसरा अँप्यूल दिला. पिशवीत तेवढेच होते.

दीड मिनिटाने त्याने जोरात श्वास ओढला, खोकला आणि माझा हात झटकला. "काहून उतरवली माही?" थरथरत होता, घामाने डबडबला होता. टर्की एकदम अंगावर येते तेव्हा माणूस पळायला बघतो, आणि हीच वेळ खरी जपायची असते. औषधाचा असर अर्ध्या-दीड तासात ओसरतो. नशा त्याहून जास्त टिकली तर श्वास पुन्हा बसतो. त्याचं मनगट मावशींनी धरलं. "बस रे बाप्पा. तुह्या मायचा तरी विचार कर." मायचं नाव निघाल्यावर तो खाली बसला आणि रडला.

१०८ आली. ज्या दवाखान्यात नेलं तिथे कॅज्युअल्टीत एकाने त्याच्याकडे पाहून "गर्दुल्ला आहे, पडू द्या" म्हटलं आणि स्ट्रेचर पॅसेजमध्ये लावलं. मी तिथून हलले नाही. पाऊण तासाने घुर्रघुर्र पुन्हा सुरू झालं. मी आयुष्यात कधी दवाखान्यात ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले. एक तरुण डॉक्टरबाई धावत आल्या, ऑक्सिजन लावला, तिसरा डोस दिला आणि रात्रभर त्याला नजरेसमोर ठेवला. त्यांचे आभार मानायचे राहिले, ते इथे मानते. पण पॅसेजमधली ती पाऊण तासाची जागा मी विसरू शकत नाही. तिथे मी नसते तर? आणि सोमवारीच त्याच्या घरी गेले असते तर?

आता सुटलेल्या प्रत्येकाला आम्ही त्याच दिवशी गाठतो. रिपोर्ट उशिरा गेला तर जाऊ दे. पहिल्या भेटीत तीन गोष्टी सांगतो. घ्यायचीच असेल तर पूर्वीच्या चतुर्थांशापेक्षाही कमीने सुरू कर. एकटा बसू नकोस. गोळ्या मिसळू नकोस. "सोड" हा शब्द पहिल्या भेटीत मी काढत नाही. काहींना हे पटत नाही, मला ठाऊक आहे. पण जिवंत असलेलाच माणूस उद्या सोडू शकतो.

तो पोरगा मार्चपासून रोज सकाळी ब्युप्रेनॉर्फिनसाठी, म्हणजे सुईच्या नशेऐवजी देतात त्या गोळीसाठी, येतो. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत माझ्यासमोर बसतो, बोलत नाही. मध्ये दोनदा खाडा झाला, पुन्हा आला.

एके दिवशी त्याच्यासोबत त्याची आई आली. चार घरची धुणीभांडी करते. आमच्या डॉक्टरांनी तिला दोन अँप्यूल लिहून दिले. मी मृगबहाराची संत्री आणून ठेवली होती. सुई धरायला आम्ही नर्सही संत्र्यावरच शिकलो होतो. अँप्यूलची मान कापसात धरून कशी मोडायची, हवा कशी काढायची, नव्वद अंशांत सुई कशी घालायची ते दाखवलं. पहिल्यांदा तिचा हात इतका थरथरला की सुई सालीवरून घसरली. दुसऱ्यांदा आत गेली, पण औषधाऐवजी भरलेलं पाणी सगळं बाहेर आलं. पोरगा दारात उभा राहून पाहत होता. तिने पदराने हात पुसले, तिसरं संत्रं घेतलं आणि मला म्हणाली, "थांबा म्याडम, अजून एकदा करू द्या."