आमची वाटचाल : रंगकामापासून मागे मागे

आरंभीची काही वर्षे आम्ही फक्त रंगकाम घेत होतो. इमारतीचा सांगाडा उभा राहून गिलावा, नळकाम आणि फरशी आटोपली, की सर्वांत शेवटी रंगारी आत शिरतो, आणि भिंतीत आधी जे काही बिघडले असेल ते त्याच्याच माथी मारले जाते, हे आम्हांला लवकरच कळले.

एका कामात मात्र चूक आमचीच होती. मालकांना गृहप्रवेशाची घाई होती, गिलाव्यावर पाणी मारणे थांबून जेमतेम दहा दिवस झाले होते आणि भिंत हाताला कोरडी लागत होती, म्हणून आम्ही पुट्टी ओढून रंगाचे दोन हात दिले. दोन महिन्यांत खिडकीखाली फुगे आले. पापुद्रा नखाने उचलला तर मागे पिठासारखा पांढरा क्षार होता. सिमेंटच्या गिलाव्यातले पाणी बाहेर पडायला वाट शोधते आणि जाताना क्षार पृष्ठभागावर आणून सोडते. सगळे खरवडून आम्ही पदरमोड करून पुन्हा केले. तेव्हापासून पुट्टीआधी प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून रात्रभर भिंतीवर ठेवतो. सकाळी आतून दव दिसले, तर काम पुढे सरकत नाही.

दोष खालच्या थरात असेल, तर तो थरही आपल्याच हाती असावा, या विचाराने पुढे गिलावा घेतला. काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत तापमानाने सारख्या प्रमाणात हलत नाहीत, त्यामुळे सांध्यावर ओळंब्यात मारल्यासारखी सरळ चीर पडते. तिथे दोन्ही बाजूंना सुमारे 150 मिमी जाईल अशी जाळी ठोकूनच आम्ही गिलावा चढवतो. चीर पडल्यावर ती बुजवत बसणे हे निव्वळ मलमपट्टीचे काम आहे.

पुढे फरशी आणि न्हाणीघराचे जलरोधन आले. फरशी बसवण्याआधी न्हाणीत 48 तास पाणी तुंबवून खालच्या मजल्याचे छत पाहणे, आणि फरशी बसल्यावर टिचकी मारून पोकळ आवाज ऐकणे, ही दोन कामे मी आजही स्वतः करतो. सुतारकाम आणि छताचे काम यथावकाश जोडले गेले. त्यात सांगण्यासारखे फारसे नाही.

गिलावा वाळण्याचे दिवस आता आम्ही करारातच लिहितो. त्या एका ओळीमुळे काही कामे हातची गेली आहेत, आणि त्यांतली एक-दोन चांगली मोठी होती.