एका जागेचा प्रश्न

गेल्या महिन्यात पुण्यातील एका स्टुडिओत जुन्या भावगीतांच्या नव्या अल्बमसाठी पाचवे गाणे ध्वनिमुद्रित करत असताना ध्रुवपदाच्या शेवटच्या शब्दावरील एका हरकतीने, म्हणजे गळ्यातून घेतलेल्या छोट्याशा स्वरवळणाने (यालाच आम्ही ‘जागा’ही म्हणतो), आमचा पूर्ण दिवस घेतला आणि तिचा निर्णय माझ्याच्याने अजून झालेला नाही. परवानगीचा पत्रव्यवहार चालू असल्यामुळे गाण्याचे नाव येथे लिहीत नाही.

मी संगीत संयोजक आहे. जुने गाणे नव्याने करायचे म्हणजे वाद्ये बदलायची, असा बाहेरच्यांचा समज असतो; प्रत्यक्षात मूळ गाणे नेमके काय आहे हे ठरवण्यातच पहिले दोन दिवस जातात. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत, आणि हाती आलेली नक्कल कोणत्या वेगाने उतरवली हे ठाऊक नसल्यामुळे सूर हार्मोनियमच्या काळी एक आणि पांढरी दोन या लगतच्या पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी लागतो. तो जुळवून झाला की गायकाने प्रत्येक ओळीत श्वास कुठे घेतला आहे, त्याच्या खुणा मी कागदावर करतो. श्वासाची जागा चुकली की कवितेचा अर्थ तुटतो. हल्लीच्या बहुतेक नव्या आवृत्त्या नेमक्या तिथेच तुटतात, आणि वर व्हायोलिनचे कितीही थर चढवले तरी ते झाकले जात नाही.

हे गाणे संगीतकारानेच गायलेले आहे. जी. एन. जोशी, गजाननराव वाटवे या भावगीत गायक-संगीतकारांच्या काळात ते नेहमीचेच होते. परंतु त्यामुळे चाल कुठे संपते आणि गळा कुठे सुरू होतो, हे तबकडीवरून सांगता येत नाही. त्या शब्दावर पंचमावरून कोमल निषादाला स्पर्श करून मध्यमावर उतरणारी, अर्ध्या सेकंदाचीही नसलेली हरकत आहे. आमच्या गायिकेने काळी चारमध्ये ती दोनदा हुबेहूब घेतली. तिसऱ्या वेळी मात्र नुसता पंचम धरून ती थांबली.

अल्बम काढणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीने लगेच आक्षेप घेतला. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेले कलम ३१-सी मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच कॅलेंडर वर्षांनी, मानधन आगाऊ भरून, नवी आवृत्ती करू देते. परंतु तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला बदल मालकाच्या संमतीविना करू देत नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. मात्र या चालीचे स्वरलेखन कुठेही नसताना बदल ठरवायचा तो कशाच्या तुलनेत?

हार्मोनियमवर बसलेले काका तरुणपणी त्या संगीतकारांच्या साथीला असत. ते म्हणाले, “मैफलीत मास्तर ही जागा घेतच नसत. ते थांबायचे आणि मी पंचम धरून ठेवायचा.” मग डाव्या हाताने भाता जेमतेम हलवत, सूर ऐकू येतो न येतो इतका बारीक ठेवून, त्यांनी तो धरून दाखवला. गायिका म्हणाली, “काका, आत्ता धरलात तसाच धरा.” कानात वाजणारा लयीचा क्लिक बंद करून, दोघांना एकाच खोलीत समोरासमोर बसवून मी चौथा टेक घेतला. इतका सच्चा टेक मला गेल्या कित्येक वर्षांत मिळालेला नाही.

तरीही एका साथीदाराच्या आठवणीवर मी हजारो लोकांच्या कानात बसलेली जागा काढून टाकावी का? कंपनीने हरकत असलेला, दुसऱ्या क्रमांकाचा टेक मागितला आहे. मी दोन्ही टेक मिक्सिंगसाठी तयार ठेवले आहेत, आणि येत्या रविवारी काकांना बरोबर घेऊन संगीतकारांच्या घरच्यांना चौथा ऐकवायला जाणार आहे.