६एल६च्या अँप्लिफायरमध्ये ईएल३४ बसवताना

ईएल३४ हा व्हॉल्व्ह (व्हॅक्यूम ट्यूब) ६एल६जीसी या दुसऱ्या व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये सहज बसतो, कारण तळ दोघांचाही ऑक्टल, म्हणजे आठ पिनांचा. पण आतले काही बदल केल्याशिवाय अँप्लिफायर चालू करू नका.

उघडल्यावर पहिलं काम फिल्टर कपॅसिटर रिकामे करण्याचं. प्लग काढल्यावरही त्यांत ४०० व्होल्ट उरलेले असू शकतात आणि ते जिवावर बेततात. १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी पॉझिटिव्ह टोक आणि चासी यांच्यात लावा, मग मीटरने तपासा.

आता पिन १. ईएल३४ मध्ये तिथे सप्रेसर ग्रिड असते. ती पिन ८ ला, म्हणजे कॅथोडला, जोडायलाच हवी. ६एल६जीसीत ही पिन मोकळी, म्हणून बऱ्याच अँप्लिफायरांत ग्रिड स्टॉपरचं (कंट्रोल ग्रिडच्या वाटेतल्या रेझिस्टरचं) एक टोक तिच्यावर टेकवलेलं असतं. ते न हलवता १ आणि ८ जोडलेत तर बायस (ग्रिडला दिलेलं, व्हॉल्व्हचा करंट आवरणारं उणे व्होल्टेज) थेट कॅथोडला शॉर्ट होतो आणि व्हॉल्व्हची प्लेट लाल होते. इथेच सर्वाधिक घोटाळा होतो. आधी ते टोक वेगळ्या टॅगवर न्या.

स्क्रीन ग्रिडचा ४७० ओहमचा रेझिस्टर काढून १ किलोओहम, ५ वॅटचा घाला.

हीटरला ०.९ ऐवजी १.५ अँपिअर लागतात, म्हणजे चार व्हॉल्व्हना २.४ अँपिअर जादा. ट्रान्सफॉर्मरला ते झेपत नसेल तर वेगळा हीटर ट्रान्सफॉर्मर लावा.

४५० व्होल्टच्या आसपास ६एल६जीसीला साधारण उणे ४५ ते ५० व्होल्ट बायस लागतो, ईएल३४ला उणे ३६ ते ४०. जुन्याच बायसवर ईएल३४ थंड चालतो आणि हळू आवाजात क्रॉसओव्हरची खरखर ऐकू येते. बायस पॉटपासून (बायस कमीजास्त करणाऱ्या पोटेन्शिओमीटरपासून) ग्राउंडकडे जाणारा रेझिस्टर कमी ओहमचा करा, म्हणजे पॉटची कक्षा कमी उणे व्होल्टेजकडे येईल.

मोजण्यासाठी प्रत्येक कॅथोड आणि ग्राउंड यांच्यात १ ओहमचा १ टक्का अचूकतेचा रेझिस्टर घाला. १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर. ईएल३४ची प्लेट २५ वॅटची. तिचे ७० टक्के म्हणजे १७.५ वॅट, भागिले ४५० व्होल्ट, म्हणजे ३९ मिलिअँपिअर. मीटरवर स्क्रीनचा करंटही येतो, तेव्हा आकडा थोडा जास्तच दिसेल.

स्पीकर जोडलेला ठेवून, बायस सर्वांत उणे करून सुरू करा. करंट वाढला की प्लेटचं व्होल्टेज उतरतं, म्हणून दोन्ही आलटून पालटून मोजा. अर्ध्या तासाने, सगळं तापल्यावर, पुन्हा एकदा.