अंतराळवीराच्या हेल्मेटातील वाफ : भाद्रपदापूर्वीची प्रगती

गणेशोत्सवातील आमच्या जिवंत देखाव्यासाठी चाललेल्या अंतराळवीराच्या वेशातील हेल्मेटाचे कवच आता पूर्ण झाले आहे. फोम शीटचे सांधे भरून घासले आहेत, रंगाचा शेवटचा हात तेवढा राहिला आहे. या वेळची नोंद मात्र रंगाविषयी नसून पुढच्या काचेवर धरणाऱ्या वाफेविषयी आहे, कारण देखाव्यात अर्धा-अर्धा तास उभे राहायचे आणि विसर्जनाच्या रात्री तेच हेल्मेट घालून गर्दीतून कपिलेश्वर तलावापर्यंत चालायचे, तर समोरचे दिसणे ही हौसेची नव्हे, सुरक्षिततेची बाब ठरते.

वाफेवरचा उपाय विचारला की बहुतेक जण काचेला काय लावावे हे सांगू लागतात. माझ्या मते ही चर्चा उलट्या टोकापासून सुरू होते. श्वास काचेपर्यंत पोहोचूच न देणे हे पहिले काम, काचेवरून सतत हवा खेळवणे हे दुसरे, आणि लेप हे अगदी शेवटचे. असे का, हे थोड्या आकडेमोडीने स्पष्ट होते.

नाकातोंडातून बाहेर पडणारी हवा साधारण 34 अंश सेल्सिअसची आणि जवळजवळ संपृक्त (आणखी वाफ मावणार नाही अशी) असते, म्हणजे तिच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे 37 ग्रॅम पाण्याची वाफ असते. 22 अंशांची हवा मात्र घनमीटरला जेमतेम साडेएकोणीस ग्रॅम वाफ धरू शकते. तेव्हा 22 अंशांच्या काचेवर श्वास आदळला की वरचे सतरा-अठरा ग्रॅम सोडून देण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. शांत उभा असलेला माणूस मिनिटाला सात-आठ लिटर हवा सोडतो आणि चालू लागला की हाच आकडा वीस लिटरच्या पुढे जातो. शांत उभे असतानाचे मिनिटाला ग्रॅमच्या आठव्या हिश्शाइतके पाणी ऐकायला किरकोळ वाटते, पण ते अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपाने पसरते आणि प्रत्येक थेंब प्रकाश विखुरतो. म्हणूनच वाफ धरलेल्या काचेतून रस्त्यावरचा दिवा दिसतो तो भोवतीच्या पांढऱ्या वलयासकट, आणि त्याखालचा माणूस दिसतच नाही.

आपल्या भागातील हवामानाचा येथे थेट संबंध येतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे, श्रावण-भाद्रपदात रात्रीचे तापमान वीस-बावीस अंशांवर येते आणि खानापूरच्या बाजूला तर हवा दिवसभर ओलीच राहते. उलट एप्रिलच्या दुपारी काच स्वतःच 35 अंशांवर असते आणि 34 अंशांचा श्वास तिच्यावर जमूच शकत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात घेतलेली चाचणी काहीच सिद्ध करत नाही. मी चाचण्या पहाटे गच्चीवर, हेल्मेट बराच वेळ उघड्यावर ठेवून, जिने चढून-उतरून श्वास वाढवल्यावर घेतो.

मात्र ओल्या हवेला सरसकट दोष देणेही योग्य नाही. बाहेरची हवा कितीही दमट असली, तरी काच त्या हवेइतकीच किंवा तिच्याहून किंचित उबदार असेल, तर त्या हवेने काच धुरकटत नाही. पावसाळ्यातील हवा आत घेण्यास कचरण्याचे म्हणूनच कारण नाही. वातानुकूलित सभागृहातून एकदम बाहेर आल्यावर काच बाहेरच्या अंगाने धुरकटते तो प्रकार वेगळा आहे. तेथे काच पुसावी आणि मिनिटभर थांबावे, एवढेच करता येते.

पंखा घेताना दुकानदाराने मला सांगितले होते, “मोठा पंखा घाला की सर, सगळं उडून जातंय बघा.” हे अर्धेच खरे आहे. माझ्या 50 मिलिमीटरच्या ब्लोअरवर मोकळ्या हवेतला प्रवाह मिनिटाला सुमारे 140 लिटर दिला आहे. अरुंद फटीतून ढकलताना त्यातले निम्मे, म्हणजे 70 लिटर हाती लागतात असे धरू. बाहेरची हवा 22 अंशांची आणि 90 टक्के आर्द्रतेची असेल, तर तिच्यात घनमीटरला साडेसतरा ग्रॅम वाफ असते. त्यात शांत माणसाचा आठ लिटर श्वास मिसळला की मिश्रण साडेएकोणीस ग्रॅमवर, म्हणजे नेमके काठावर येते. चालणाऱ्याचा वीस लिटर श्वास मिसळला तर ते बावीस ग्रॅमच्या आसपास जाते आणि पंखा चालू असूनही काच धुरकटते. हा हिशेब ढोबळ असला तरी गच्चीवरचा अनुभव त्याच्याशी जुळतो : उभे असताना काच स्वच्छ राहते, जिना चढताच नाकाच्या समोर अर्धचंद्राकृती पांढरा डाग उमटतो आणि तेथून वर सरकत जातो.

यामुळे पंख्याआधी श्वासाची वाट निराळी करणे आवश्यक ठरले. अग्निशामक दलाच्या पूर्ण चेहऱ्याच्या मास्कमध्ये नाकातोंडापुरता एक वेगळा आतला कप असतो, तीच कल्पना मी उचलली. पाच मिलिमीटर जाडीच्या मऊ फोमचा कप कापून त्याच्या वरच्या कडेत, साध्या मास्कमध्ये असते तशी, नाकावर दाबून बसवायची तार शिवली. कपाच्या तळाला दोन बोटे जातील एवढे भोक ठेवून तेथून एक आखूड नळी हनुवटीखालच्या जाळीपर्यंत नेली. जाळीला मच्छरदाणीचे काळे कापड लावल्याने ती बाहेरून दिसत नाही. संपूर्ण कामात सर्वाधिक वेळ गेला तो नाकाच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत. तेथे फोम आणि गाल यांच्यामध्ये कागद सरकेल एवढी जरी फट राहिली, तरी श्वासाची धार तेथूनच वर डोळ्यांकडे जाते, आणि माझ्यासारख्या चष्मा लावणाऱ्याला ते काचेच्याही आधी चष्म्यावर कळते. अखेरीस त्या दोन जागी फोमवर फ्लॅनेलच्या घड्या चिकटवल्या, तेव्हा ती धार थांबली.

ब्लोअर मानेमागे बसवला असून त्याची हवा डोक्यावरून, कवच आणि आतल्या अस्तराच्या मधून, काचेच्या वरच्या कडेला आणली आहे. तेथे 120 मिलिमीटर लांब आणि तीन मिलिमीटर रुंद फट आहे. मिनिटाला 70 लिटर हवा एवढ्या फटीतून निघाली, तर तिचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या वर जातो आणि काचेच्या आतल्या बाजूने खाली उतरणारा एक पातळ पडदा तयार होतो. संगणकात असतो तसा साधा चपटा पंखा येथे उपयोगी पडत नाही, कारण फटीच्या विरोधापुढे त्याचा दाब टिकत नाही. गोगलगायीच्या आकाराचा केंद्रापसारी ब्लोअरच हवा. हवा आत येते त्याहून बाहेर जाण्याची वाट मोठी ठेवणेही तितकेच आवश्यक आहे. तसे नसेल तर आतल्या आत भोवरे तयार होऊन कपातून सुटलेला श्वास पुन्हा काचेवरच येतो.

काच पॉलिकार्बोनेटची (एक पारदर्शक प्लास्टिक), एक मिलिमीटर जाडीची घेतली आहे. न तापवता वाकवताना वळणाची त्रिज्या जाडीच्या निदान शंभरपट असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे दोन मिलिमीटरची शीट हेल्मेटाच्या वळणावर जबरदस्तीने बसवली, तर कडेला ताण राहतो. अॅक्रिलिक मी टाळले, कारण कापलेल्या किंवा वाकवलेल्या कडेला स्पिरिट लागले तर त्यावर केसासारख्या चिरा पडतात. पॉलिकार्बोनेटही अॅसिटोन आणि अमोनिया असलेले काचपुसणे सहन करत नाही.

राहिला लेप. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब थोड्या पाण्यात कालवून, काचेच्या आतून पसरून, सुती कापडाने काच पारदर्शक दिसेपर्यंत पुसला, तर पाण्याचा पृष्ठताण कमी होऊन थेंबांऐवजी सलग पातळ थर तयार होतो आणि त्यातून आरपार दिसते. हा लेप फार टिकत नाही, शिवाय घामाबरोबर डोळ्यांत उतरतो. वेश अंतराळवीराचा आहे म्हणून दोन खरी उदाहरणे येथे नोंदवतो. जून 1966 मध्ये जेमिनी 9ए मोहिमेत यूजीन सर्नन यानाबाहेर असताना शरीर तापल्याने त्यांची काच इतकी धुरकटली की पाठीवरच्या यंत्राची चाचणी सोडून द्यावी लागली. पुढे एप्रिल 2001 मध्ये क्रिस हॅडफील्ड यांच्या डोळ्यांत वाफरोधक द्रावण गेल्याने त्यांना यानाबाहेर काही काळ काहीच दिसेनासे झाले होते. एकात शरीराची उष्णता नडली, दुसऱ्यात लेपच नडला. मी साबण काचेच्या फक्त मधल्या पट्ट्यावर, कपाळाच्या रेषेखाली लावतो आणि कपाळाला घामाची पट्टी बांधतो.

सिलिका जेलच्या पुड्यांविषयी काही जणांनी विचारले होते. पाच ग्रॅमची पुडी फार तर दीड-दोन ग्रॅम पाणी धरते. शांत श्वासातूनच मिनिटाला पाव ग्रॅमहून अधिक वाफ बाहेर पडत असल्याने, तिने सर्व वाफ पकडली असे मानले तरी ती काही मिनिटांतच निकामी होते. हेल्मेट पेटीत ठेवताना मात्र पुडी जरूर टाकावी, अस्तराला बुरशी धरत नाही.

विजेचा प्रश्न वाटला होता त्याहून सोपा निघाला. ब्लोअर पाच व्होल्टवर 0.15 अँपिअर घेतो, त्यामुळे लहानशी पॉवर बँकही रात्रभर पुरते. अडचण उलटी आहे : विजेचा इतका कमी प्रवाह पाहून काही पॉवर बँका, मोबाइल भरून झाला असे समजून, आपोआप बंद होतात. म्हणून हनुवटीच्या नळीवर दुसरा ब्लोअर जोडला आहे. त्याने श्वासही खेचला जातो आणि विजेचा एकूण प्रवाहही वाढतो. दोन्ही पंखे बंद पडले तरी कपातून मोकळेपणाने श्वास घेता येतो, हे नळी चिकटवण्याआधी तपासले. हेल्मेट एका हाताने निघावे म्हणून मागे चुंबकी पट्टी आहे आणि मिरवणुकीत शेजारी एक मदतनीस चालणारच आहे.

आता दोन कामे उरली आहेत. ब्लोअरच्या घरघरीमुळे शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, म्हणून तो रबराच्या चकत्यांवर टांगायचा आहे. दुसरे म्हणजे, मान खाली घातली की वरची फट चष्म्याच्या मागे हवा सोडते आणि डोळे कोरडे पडतात. फटीला दहा अंश पुढे कलणारी झडप लावून पाहणार आहे. तिचे माप पुढच्या नोंदीत देईन.