किट कारच्या ॲक्सिलरेटरची केबल

घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने मोटार जुळवण्याची माझी हौस कॉव्हेंट्रीजवळ राहायला आल्यावर गेल्या दीड वर्षात पुरी होत आली आहे. गाडी दोन आसनांची, उघडी, १९५७ मध्ये आलेल्या लोटस सेव्हनच्या धर्तीवरची. सुट्या भागांच्या संचावर त्या काळी ब्रिटनमध्ये खरेदी-कर लागत नसे, म्हणून अशा गाड्या घरी जुळवण्याचा प्रघात तिथे पडला. तो कर १९७३ मध्ये गेला, प्रघात मात्र राहिला. इंजिन, ब्रेक, वायरिंग यांची मला धास्ती होती आणि ॲक्सिलरेटरची केबल हे शनिवारच्या एका दुपारचे काम आहे असे मी धरून चाललो होतो. त्या कामाने माझे तीन आठवडे घेतले.

प्रत्येक जण वेगळे इंजिन बसवतो, त्यामुळे माझ्या संचात ही केबल आलीच नव्हती. माझे इंजिन एका जुन्या फोर्डमधले झेटेक, आणि त्यावर वेबरचे दोन ४० डीसीओई कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण सोडणारी यंत्रे, प्रत्येकात दोन झडपा. पेडल वरून टांगलेले असून ते ज्या खिळीवर फिरते ती मधोमध आहे : पायाने खालचे टोक पुढे ढकलले की खिळीच्या वरची दांडी मागे येते आणि केबल ओढते. दांडीला खिळीपासून ४५ मिलिमीटरवर एक भोक आधीच पाडलेले होते. पाडणाऱ्याने काही विचार केला असेल अशा समजुतीने मी त्यातच केबल अडकवली, पेडल तळापर्यंत दाबले आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात टॉर्च धरून पाहिले, तर आतल्या झडपा जेमतेम निम्म्याच्या वर उघडल्या होत्या.

मग वही घेऊन बसलो. झडपा पूर्ण उघडायला केबल ३४ मिलिमीटर ओढली जायला हवी होती. खिळीपासून पाय ठेवायच्या जागेपर्यंतचे अंतर २३० मिलिमीटर आणि पायाला मिळणारी चाल १०५ मिलिमीटर. या प्रमाणात ४५ मिलिमीटरवरचे भोक केबलला फक्त साडेवीस मिलिमीटर हलवते. ३४ हवे असतील, तर भोक ७५ मिलिमीटरवर हवे. दांडीला तेवढी लांबी नव्हती, म्हणून तिला पोलादी पट्टीचा तुकडा वेल्ड करून घ्यावा लागला आणि पेडल बॉक्सच्या झाकणाला ती घासणार नाही हे पाहण्यात एक संध्याकाळ गेली. दांडी लांबली तसे पेडल जड झाले, पण मला ते आवडले. एवढ्या हलक्या गाडीत पाय नुसता टेकताच गाडीने उसळी मारणे बरे नव्हे.

नव्या भोकात केबलचे निपल, म्हणजे तारेच्या टोकाचा धातूचा गोळा, सैल फिरले पाहिजे, ही गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक होती. वडिलांच्या स्कूटरची क्लच केबल दर वेळी मुठीजवळच्या निपलपाशीच तुटायची, कारण निपल गंजून जाम झाले की प्रत्येक दाबाला तार त्याच जागी मुडपते आणि एकेक धागा तुटत जातो. म्हणून पेडलच्या बाजूला, जिथे डोके खाली आणि पाय वर करून आत शिरल्याशिवाय काही दिसत नाही, तिथे मी कारखान्यातूनच निपल ओतून आलेले टोक ठेवले. स्क्रूने आवळायचे निपल कार्ब्युरेटरच्या बाजूला घेतले, कारण बॉनेट उचलताच ते नजरेला पडते. तार कापण्याआधी त्या जागी डाख दिला, नाहीतर कापताच धागे केरसुणीसारखे पसरतात. स्टेनलेस तारेला साध्या फ्लक्सने, म्हणजे डाख चिकटावा म्हणून लावायच्या रसायनाने, डाख धरत नाही, त्यासाठी आम्लाचा फ्लक्स लागतो, हे मी अर्धी संध्याकाळ वाया घालवून शिकलो.

यापुढचा भाग मला खरा अवघड गेला. अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ मध्ये पेटंट घेतलेल्या या केबलची गंमत अशी, की आतली तार जेवढी ओढली जाते तेवढ्याच जोराने बाहेरचे आवरण दाबले जाते. तेव्हा आवरणाची दोन्ही टोके कशाला टेकली आहेत, यावर सगळे अवलंबून असते. पेडलकडचे टोक मी फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधल्या पत्र्याला, पक्के केले, ते बरोबरच होते. कार्ब्युरेटरकडच्या टोकासाठी मात्र मी चासीच्या नळीला एक सुबक कंस लावला आणि त्याचे फोटोही काढले. पुढे इंजिन चालू केल्यावर त्याचा वेग थोडा वाढवताच तो आपोआप आणखी वाढू लागला. इंजिन रबरी माउंटवर बसलेले असते आणि जोर येताच एका अंगाला कलते. कंस मात्र चासीवर स्थिर, त्यामुळे इंजिन कलले की केबल आपोआप ओढली जात होती. तो कंस काढून इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे कार्ब्युरेटर ज्या नळ्यांनी इंजिनाला जोडलेले असतात त्या भागावर, दोन कार्ब्युरेटरच्या मधे, नवा बसवला. आता इंजिनाबरोबर कंसही हलतो आणि तारेला त्याची खबर लागत नाही.

त्याच आठवड्यात निव्वळ माझ्या हलगर्जीपणाने एक केबल जळाली. रंगकामासाठी इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थची पट्टी काढली होती, ती परत लावायची राहिली. रबरी माउंटमुळे इंजिनाचा चासीशी दुसरा धड संबंध नाही. स्टार्टर फिरवला तेव्हा त्याचा शेकडो अँपियरचा प्रवाह परतीची वाट शोधत माझ्या बारीक तारेतून गेला. धूर निघाला, आवरणाच्या आतले नायलॉनचे अस्तर वितळून तारेला चिकटले आणि पेडल दाबलेल्या अवस्थेतच अडकले. हे रस्त्यावर झाले असते तर, हा विचार त्या रात्री काही केल्या डोक्यातून जाईना.

नवी केबल टेफ्लॉनच्या अस्तराची घेतली. तिला तेल घालावे लागत नाही. स्टीअरिंगचा दांडा चुकवताना तिला शक्य तितके मोठे वळण दिले. पेडलच्या स्प्रिंगवर विसंबून न राहता कार्ब्युरेटरच्या लिव्हरला दोन वेगळ्या स्प्रिंगा लावल्या, कारण तार तुटली तर पेडलची स्प्रिंग फक्त पेडल मागे आणील, झडपा तशाच उघड्या राहतील. पेडल ठरावीक जागी थांबावे म्हणून त्याच्या पुढे ८ मिलिमीटरचा बोल्ट लॉकनटसह बसवला. तो नसेल, तर जोरात दाबलेल्या पायाचा सगळा भार तारेवर आणि कार्ब्युरेटरच्या नाजूक दांड्यावर येतो.

शेवटच्या जुळणीला दोन माणसे लागतात. बायको गाडीत बसली, मी बॉनेटमध्ये वाकलो. “पूर्ण दाबलंय, पुढे बोल्ट लागतोय,” ती म्हणाली, तेव्हा चारही झडपा आडव्या, हवेच्या वाटेला समांतर झालेल्या दिसल्या. पाय काढताच लिव्हर टक्कन आयडलच्या, म्हणजे इंजिनाचा किमान वेग ठरवणाऱ्या, स्क्रूवर येऊन टेकली आणि तारेत सुमारे दीड मिलिमीटरची ढिलाई उरली. स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत हेच वीसेक वेळा केले, मग केबलची ढिलाई कमी-जास्त करणाऱ्या ॲडजस्टरचा लॉकनट आवळला आणि त्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली, म्हणजे तो सरकला तर लगेच कळेल.